पूर्त, उत्सर्ग आणि अधिकार : सार्वजनिक वास्तूंच्या स्तुतीची परीक्षा

[१]

लोकांनीं एकत्र बसावें, पाणी भरावें, विसांवा घ्यावा, या हेतूनें बांधलेल्या वास्तूंविषयीं अलीकडे पुष्कळ लिहिलें जात आहे. वास्तुविद्येचे नवे अभ्यासक 'समाजाभिमुख रचना' अशी संज्ञा योजतात, आणि तिच्या समर्थनार्थ आपल्याकडील बारवा, घाट, चावड्या, पार व हौद यांचे दाखले देतात. जुन्या वास्तूंकडे लोकांचें लक्ष वळलें, ही गोष्ट आम्हांस संतोषाची वाटते. परंतु या लेखनांत एक सिद्धान्त विनाचर्चा गृहीत धरलेला असतो. तो असा कीं, जागा सामायिक केली म्हणजे माणसें जवळ येतात व त्यांचें जीवन सुधारतें. हा सिद्धान्त साधनांच्या कसोटीस कितपत उतरतो, हें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे. तेंच प्रस्तुत लेखांत आम्ही यथामति करीत आहोंत.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : कोणत्याहि सार्वजनिक वास्तूविषयीं तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ती कोणी बांधली, हा पहिला. ती चालती कोणी ठेवली व कशाच्या बळावर, हा दुसरा. तिचा उपयोग करण्याचा अधिकार कोणास होता व कोणास नव्हता, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर शिलालेख देतो, म्हणून आमच्या टिपणवह्या त्या उत्तरानें भरलेल्या आहेत. दुसऱ्याचें उत्तर हिशेबी कागदांत सांपडतें, आणि तसे कागद जपून ठेवण्याची आमची रीत नाहीं. तिसऱ्याचें उत्तर फार क्वचित् लिहिलें गेलें. कारण ज्यांस मज्जाव होता, त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. स्तुति करणारे लेखक पहिल्या प्रश्नाशीं थांबतात. सिद्धान्ताची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांत होते.

[२]

पहिली साक्ष नाशिकच्या लेण्यांची घेऊं. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात, याचे लेख तेथील दहाव्या लेण्यांत कोरलेले आहेत. त्यांपैकीं एकांत त्याच्या दानांची यादी आहे. गाई, सुवर्ण व गांवें यांचीं दानें बाजूस ठेवून केवळ वास्तु पाहिल्या, तर असें दिसतें कीं, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार स्थळीं त्यानें चतुःशाल आवसथ व प्रतिश्रय दिले. आराम, तडाग व उदपानें केलीं. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्या उतरण्यास नावांची विनामूल्य सोय केली. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्या.

यांतील 'सभा' हा शब्द दिसतांच कित्येक लेखकांस लोकसत्तेचें स्मरण होतें व ते त्यावर प्राचीन ग्रामराज्याची इमारत रचूं लागतात. येथें संदर्भ नावेचा आहे. नाव पैलतीरास गेली असतां उतारूस थांबावें लागतें. थांबणाऱ्यास सावली लागते आणि पाणी लागतें. सभा म्हणजे तो निवारा व प्रपा म्हणजे पाणपोई. दोन्ही तीरांवर कां, तर जाणारा एका तीरावर थांबतो आणि येणारा दुसऱ्या तीरावर. लेखांतील या एका तपशिलांत वास्तुरचनेचें सगळें मर्म आलें आहे. प्रथम प्रवाशाची अडचण पाहिली, मग तिच्या मापानें बांधकाम केलें. कोणास कोणाच्या जवळ आणावें, असा उद्देश येथें दिसत नाहीं. आणि तरीहि माणसांचा प्रवास सुखाचा झाला असेल, यांत संशय नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत भिक्षुसंघासाठीं ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि ठेवल्याचा उल्लेख आहे. ही रक्कम गोवर्धन येथील श्रेणींत गुंतविली होती. एका कोलिक-निकायाकडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणीकडे, २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक या दरानें, आणि दुसऱ्या कोलिक-निकायाकडे १,००० कार्षापण दरमहा शेंकडा पाऊण या दरानें. मूळ रक्कम परत द्यावयाची नाहीं, केवळ वृद्धि उपभोगावयाची, अशी अट आहे. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे. वाचकांनीं हिशेब करून पाहावा : २,००० वर दरमहा शेंकडा एक म्हणजे वर्षास २४०, आणि वीस भिक्षूंस बारा-बारा म्हणजेहि २४०. एक कार्षापण कमी नाहीं कीं अधिक नाहीं. दात्यानें आधीं खर्च मोजला व मग मुद्दल ठरविलें, हें यावरून उघड होतें.

हा सर्व व्यवहार निगमसभेंत वाचून दाखविला गेला आणि फलकांवर नोंदविला गेला, असेंहि लेख सांगतो. ते फलक कालौघांत नष्ट झाले. दगडावर कोरलेला सारांश तेवढा राहिला. नावा, सभा व प्रपा यांच्या निर्वाहाची तजवीज उपलब्ध लेखांत सांगितलेली नाहीं, म्हणून चीवरांची व्यवस्था त्यांस लावून दाखविण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु नावाड्यास उतारूकडून कांहीं घ्यावयाचें नसेल, तर त्याचें वेतन अन्य कोठून तरी येत असलें पाहिजे, एवढें अनुमान निश्चित आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या दात्यास जें कळत होतें, तें आजच्या उद्घाटन-समारंभांत बहुधा विसरलें जातें. इमारत हें मुद्दल नव्हे. मुद्दल वेगळें ठेवावें लागतें.

[३]

आमच्या धर्मशास्त्रानें या प्रकारच्या कृत्यांस 'पूर्त' म्हटलें आहे. यज्ञयाग हें इष्ट. विहीर, तळें, देवालय, अन्नदान, उपवन हें पूर्त. पूर्ताविषयीं शास्त्रकारांनीं केलेला एक सूक्ष्म भेद प्रस्तुत विषयास फार उपयोगी आहे. 'दान' आणि 'उत्सर्ग' हीं एक नव्हेत. दानांत दात्याचें स्वत्व सुटतें व प्रतिग्रहीत्याचें उत्पन्न होतें. उत्सर्गांत दात्याचें स्वत्व सुटतें, परंतु तें विशिष्ट अशा कोणाकडे जात नाहीं. वस्तु सर्व भूतांच्या उपयोगासाठीं सोडलेली असते. म्हणूनच दान दिलेली गाय दात्यास दोहतां येत नाहीं, पण उत्सर्ग केलेल्या तळ्याचें पाणी तो इतरांपैकीं एक म्हणून पिऊं शकतो. या विधीसाठीं सतराव्या शतकांत नीलकंठभट्टांनीं आपल्या 'भगवंतभास्कर' ग्रंथांत 'उत्सर्गमयूख' हा स्वतंत्र मयूख रचला. हें भट्ट घराणें मूळचें पैठणचें व पुढें काशीस स्थायिक झालेलें. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनींहि आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या भेदाची चर्चा केलेली आहे.

'सर्व भूतें' या पदाचा शब्दशः अर्थ घेतला, तर त्यांत मनुष्यमात्रच काय, पशुपक्षीहि येतात. सार्वजनिक मालकीची इतकी व्यापक कल्पना ज्या शास्त्रांत आहे, त्याच शास्त्रानें अस्पृश्यस्पर्शाच्या शुद्धीचे नियमहि सांगितले आहेत. स्तुति करणारे लेखक पहिलें वचन घेतात. निंदा करणारे दुसरें. आम्हांस दोन्ही एकत्र मांडलीं पाहिजेत असें वाटतें. कारण प्रत्यक्ष पाणवठ्यावर काय घडत होतें, हें त्या दोहोंच्या झगड्यावरूनच ठरत असे.

[४]

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. प्रथम एक सावधगिरीचा इशारा. सातारा जिल्ह्यांतील लिंब येथील बारा मोटांची विहीर सार्वजनिक वास्तूंच्या यादींत नेहमीं घातली जाते. शके १६४१ ते १६४६ या काळांत विरूबाईंनीं ती बांधविली. अष्टकोनी घडण, एका वेळीं बारा मोटा चालविण्याची सोय आणि आंत महालासारखें बांधकाम, यांमुळें ती प्रेक्षणीय आहे यांत शंका नाहीं. परंतु तिचें पाणी मुख्यतः आमराईसाठीं होतें. बारा मोटांचा खटाटोप बाग भिजविण्यासाठीं असतो, वाटसरूची तहान भागविण्यासाठीं नव्हे. सुंदर जुनी विहीर दिसली कीं तीस 'लोकोपयोगी' म्हणून टाकावयाचें, ही संवय सोडली पाहिजे. प्रयोजन आधीं ठरवावें, स्तुति मागाहून करावी.

पुणें शहराच्या हौदांची गोष्ट वेगळी. नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव नळानें शहरांत आणलें. तें शनिवारवाड्यास मिळे, त्याचप्रमाणें पेठांतील हौदांसहि मिळे. पाणी केवळ उतारानें वाहत असे. गाळ बसावा म्हणून मध्यें योजना होती, आणि वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून नळाची पाहणी व सफाई करतां येई. पुढें नाना फडणीस, रास्ते इत्यादिकांनींहि आणखी नळ आणले. वाडा व पेठ यांस एकाच नळाचें पाणी, ही गोष्ट राज्यकर्त्यांस खचित भूषणावह होती.

या हौदांभोंवतीं लोक जमत, बोलत, वर्तमान कळवीत, हें खरें. पण ते कां जमत? घरांत नळ नव्हता म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्याचें धरण झालें, लोखंडी नळ आले, हळूहळू घरोघर पाणी पोहोंचलें, आणि हौदांवरील गर्दी ओसरली. दगड तेच होते, पायऱ्या त्याच होत्या, रचनेंत तिळमात्र फरक झाला नव्हता. माणसांस एकत्र आणण्याची शक्ति जर रचनेंत असती, तर ती नळ येतांच नाहींशी कां व्हावी? पाणी वाहून आणण्याचे कष्ट ज्यांच्या डोक्यावर होते त्या स्त्रियांस, हौदावरील संभाषण गेलें याचें दुःख अधिक झालें कीं कष्ट वांचले याचें सुख अधिक झालें, हाहि विचार स्तुति करणाऱ्यांनीं एकदां करावा.

निर्वाहाच्या प्रश्नाचें तिसरें उदाहरण अहल्याबाई होळकरांचें. १७६७ ते १७९५ या आपल्या कारकीर्दींत त्यांनीं हिंदुस्थानभर घाट, देवळें, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या, हें सर्वश्रुत आहे. कमी लक्षांत घेतलें जातें तें हें कीं, हा व्यय खासगीच्या उत्पन्नांतून होत असे. आणि दौलतीचा व खासगीचा हिशेब वेगळा ठेवण्याची होळकरांची पद्धति होती. म्हणूनच ही व्यवस्था राणीच्या पश्चात् टिकली, आणि १९६२ मध्यें तिचें रूपांतर एका धर्मादाय विश्वस्तनिधींत होऊं शकलें. पुढें या मालमत्तेंतील कांहीं जागांच्या विक्रीवरून वाद निघाला. तो २०२० मध्यें मध्यप्रदेशच्या उच्च न्यायालयांत व २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत निर्णयास आला. उत्सर्ग केलेल्या वस्तूचा मालक कोण, हा मयूखकारांचा प्रश्न आमच्या काळांत अशा रीतीनें पुन्हा न्यायासनापुढें उभा राहिला.

[५]

तिसरा प्रश्न अधिकाराचा. येथें आम्ही अधिक थांबणार आहोंत, कारण सामायिक जागेचा सिद्धान्त येथेंच सर्वांत जास्त डळमळतो.

चावडीचें उदाहरण घ्या. गोतसभेचे महजर आमच्यापैकीं अनेकांच्या संग्रहांत आहेत. त्यांवर पाटलाच्या नांगराची निशाणी असते, बलुतेदारांच्या निशाण्या असतात, आणि पुष्कळदां महाराचेंहि नांव असतें. सीमेच्या तंट्यांत त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. वेसकर या नात्यानें लोकांस चावडीवर बोलावून आणणें हेंहि त्याचेंच काम. ज्याच्या हांकेवर सभा भरते व ज्याच्या साक्षीनें गांवाची शीव ठरते, तो मनुष्य कागदांत आंत आहे आणि प्रत्यक्षांत ओट्याखालीं, दूर उभा आहे. केवळ महजर वाचणारा अभ्यासक 'सर्व जाति एकत्र बसत' असें लिहून मोकळा होईल. कागद खोटा नसतो. पण कोण कोठें उभा होता, तें तो सांगत नाहीं.

पाणवठ्यांचीहि तीच स्थिति. गांवोगांव पाणवठे वेगळे होते, आणि ज्यास वेगळा पाणवठा नव्हता, त्यास कोणीतरी वरून पाणी ओतीपर्यंत हात पसरून थांबावें लागे. ज्या पुण्यांत कात्रजचें पाणी पेठेपेठेंत खेळत होतें, त्याच पुण्यांत जोतीराव फुले यांनीं १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. या घटनेचा अर्थ नीट पाहावा. तो हौद खाजगी होता. सार्वजनिक म्हणविणारे हौद ज्यांस बंद होते, त्यांस एका खाजगी हौदावर पाणी मिळालें! तेव्हां सार्वजनिक कोणता म्हणावा? आमच्या मतें उत्सर्गाचें लक्षण त्या दिवशीं त्या खाजगी हौदासच लागू पडलें. पुढें डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपल्या काशी नामक कन्येच्या स्मरणार्थ शहरांत बाहुलीचा हौद बांधला, तोहि सर्व जातींस खुला ठेवून. शिल्पदृष्ट्या हा हौद पेशवाईंतील हौदांपुढें लहान आहे. इतिहासदृष्ट्या त्यास आम्ही लहान म्हणणार नाहीं.

महाडच्या चवदार तळ्याचा वृत्तान्त तर वाचकांस ठाऊकच आहे. त्यांतील कागदपत्रांच्या अंगाकडे तेवढें आम्ही लक्ष वेधतों. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयें व दवाखाने अस्पृश्यवर्गास खुले असावे, असा त्याचा आशय. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव झाला, आणि तळ्यावर कोणी गेलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह गेले व त्यांनीं तें पाणी प्राशन केलें. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली, नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला, आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें अंतिम निकाल दिला.

वादींचें म्हणणें, अस्पृश्यांनीं तळ्यावर न येण्याची वहिवाट अनादि आहे. वहिवाट अनादि असल्याचें प्रमाण न्यायालयानें मागितलें, आणि तें वादींस देतां आलें नाहीं. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आम्हां लोकांनीं या निकालाचा विशेष विचार केला पाहिजे. 'पूर्वापार चालत आलें' हें वाक्य आम्ही किती सहज लिहितों! न्यायासनापुढें त्यास पुरावा लागला आणि तो निघाला नाहीं. पुढें १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांचा स्पष्ट निर्देश आला; सरकारी निधींतून चालणाऱ्या, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगास समर्पित केलेल्या, अशा जागांविषयीं तो नियम आहे. हें 'समर्पित' म्हणजे आमच्या शास्त्रकारांचें 'उत्सृष्ट'च होय. फरक इतकाच कीं, आतां 'सर्व' या पदांतून कोणास वगळतां येत नाहीं.

[६]

आधुनिक रचनांविषयीं थोडें लिहून हा विचार पुरा करूं. नवी मुंबईंत बेलापूर येथें चार्ल्स कोरिया यांनीं १९८३ ते १९८६ या काळांत एक वसाहत रचली. सात घरांमध्यें आठ मीटर लांबीरुंदीचा एक चौक. असे तीन समूह मिळून एकवीस घरांमध्यें एक मोठा चौक. आणि याच क्रमानें पुढें. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, म्हणजे कुटुंब वाढलें तर शेजाऱ्यास न दुखवितां घर वाढवितां यावें. आणि श्रीमंत व गरीब यांच्या भूखंडांत अंतर थोडें. या योजनेंत अधिकाराचा विचार आहे, हा तिचा मोठा गुण आम्ही मान्य करतों. चौक कोणाचा, तर ज्या सात घरांची दारें त्याकडे आहेत त्यांचा, असें उत्तर नकाशाच देतो. रहिवाशांनीं पुढें आपलीं घरें पुष्कळ बदललीं. तो दोष मानण्याचें कारण नाहीं, कारण योजनेंतच त्यास मुभा होती. परंतु चौकाची निगा कोणी व कशांतून ठेवावी, हें कोणताहि नकाशा सांगूं शकत नाहीं. तेथें उषवदाताच्या विणकरांची आठवण होते.

यावरून निष्कर्ष असा. सामायिक जागा आपोआप माणसांस जवळ आणते, हा सिद्धान्त साधनांवरून सिद्ध होत नाहीं. गरज असेल तोंवर माणसें जमतात. निर्वाहाची सोय असेल तोंवर जागा टिकते. आणि अधिकार सर्वांस असेल तरच ती सार्वजनिक या नांवास पात्र ठरते. एरव्हीं ती कांहींजणांची सामायिक जागा असते, एवढेंच. तिन्ही एकत्र आलीं, तेथें लोकांचें जीवन खरोखर सुधारल्याचें दिसतें, आणि अशा ठिकाणीं स्तुतीस आमचा कांहींच विरोध नाहीं.

आतां संग्राहकांस एक विनंति. दप्तर चाळतांना आम्ही सनदा, महजर व वंशावळी बाजूस काढतों, आणि मोडी हिशेबाचे फुटकळ बंद रद्दी समजून टाकतों. हौदाचा गाळ काढण्याची मजुरी, पाणपोईवरील माणसाची मोईन, धर्मशाळेच्या शाकारणीचा खर्च, अमक्या जातीच्या लोकांस अमक्या घाटावर येऊं न देण्याविषयींची ताकीद, असल्या नोंदी त्याच बंदांत सांपडण्याचा संभव आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचीं उत्तरें तेथेंच आहेत. ज्यांच्या घरीं अशीं दप्तरें असतील, त्यांनीं तीं निदान एकदां वाचून पाहिल्यावांचून टाकूं नयेत. आणि एखाद्या विहिरीचा, घाटाचा वा पाराचा लेख प्रसिद्धीस पाठवितांना, तेथें पाणी कोण भरत असे व कोणास भरूं दिलें जात नसे, हें गांवांतील वृद्धांस, आणि विशेषतः ज्यांचे पूर्वज दूर उभे राहत त्यांच्या वंशजांस, विचारून त्या लेखाखालीं नमूद करावें. अशी माहिती जमेल तेव्हां गांवच्या सार्वजनिक वास्तूंचा इतिहास लिहितां येईल. तोंवर आमच्याजवळ आहे ती बांधणाऱ्यांची नामावळी होय.